झिरो धरणारं माणूस

पीएचडी करणाऱ्याजवळ प्रबंध असो-नसो, किस्से मात्र भरपूर असतात. प्रबंधाला गाइडची सही लागते, किस्स्याला कोणाची सही लागत नाही. तो आपोआप उगवतो, पावसाळ्यात परसात तरोटा माजतो तसा! आमच्या खोलीत तर किस्से इतके झाले की प्रबंध मागे पडला आणि लोक मला अजूनही किस्सेच विचारतात.

खोली म्हणजे अमरावतीच्या एका आर्किटेक्चर कॉलेजातली, वरच्या मजल्यावरची. पंखा फिरण्यापेक्षा कण्हायचा जास्त. तिथे आम्ही तिघं. आमचे गाइड गावंडे सर, नसीम आणि मी. माझा विषय वऱ्हाडातल्या जुन्या जिनांच्या इमारती. जिन म्हणजे सरकी काढून कापसाच्या गाठी बांधायचा कारखाना. इंग्रजांच्या काळात अकोला-अमरावतीकडे हे पुष्कळ उभे राहिले, आता बरेचसे कुलूप लावून पडलेत. नसीम अकोल्याची, तिचा विषय तिथल्या जुन्या व्यापाऱ्यांच्या घरांची कोरीव दारं. दोघींचाही विषय शेवटी एकाच गोष्टीवर येऊन थांबायचा, ती म्हणजे टेप.

जुनी इमारत कागदावर उतरवायची तर माणसं दोन लागतात. एकानं टेपचं सुरुवातीचं टोक, म्हणजे झिरो, कोपऱ्याला दाबून धरायचं. दुसऱ्यानं टेप ताणत न्यायची आणि आकडा वाचायचा. वाचणारा ओरडतो, "झिरो?" धरणाऱ्यानं नीट धरलं की तो ओरडतो, "झिरो!" मग आकडा, आणि आकडा लिहून झाला की वाचणारा म्हणतो, "सोड!" तोवर सोडायचं नाही. सरांचा हा पहिला धडा.

"भूकंप आला तरी झिरो सोडाचा नाई," सर सांगायचे. "भूकंपानं इमारत पडली तं पडू द्या, आकडा नाई पडला पायजे!"

सर स्वतः मात्र कायम वाचणारे. झिरो धरणं हे विद्यार्थ्याचं काम, असा त्यांच्या राज्यातला कायदाच होता.

*

पहिलं जिन तिवशाजवळचं. माझं माहेर त्याच तालुक्यातलं, (लग्न न झालेल्या मुलीनं माहेर म्हणू नये असं वहिनी म्हणते, पण मी म्हणते), म्हणून सुरुवात तिथून.

भिंत चांगली लांब. नसीम टोकाच्या कोपऱ्यावर झिरो धरून उभी, मध्ये बाभळीचं झुडूप, त्यामुळे ती दिसत नव्हती. सरांनी आकडा वाचला, मी लिहिला आणि तेवढ्यात फाटकातून सरांचे एक शाळासोबती आले.

"अबे गावंड्या, तू इथं काय करून राहिला?"

झालं! सर टेप खाली ठेवून निघाले. समोरच्या टपरीवर चहा, मग भजी, मग सोबत्याच्या मुलीचं लग्न, मग यंदाचं बियाणं उगवलंच नाही त्याचं. मी पण मागोमाग गेले, कारण भजी गरम होती. परत आलो तेव्हा सावली भिंतीच्या दुसऱ्या अंगाला गेली होती.

"नसीम कुठं गेली वं?" सरांनी विचारलं.

झुडपाच्या पलीकडे जाऊन पाहतो तर ही तशीच! दोन्ही अंगठ्यांनी टोक दाबलेलं, ओढणी डोक्यावर, घामानं चिंब.

"अवं बाप्पा! इतका वेळ धरून काहून उभी तू?"

नसीम शांतपणे म्हणाली, "सर, आपने 'सोड' बोला ही नहीं!"

*

ते दिवस कसे होते ते सांगितलं पाहिजे. कपाशी वर्षामागून वर्ष हातची जात होती आणि आमच्याकडे समित्या येत होत्या. पांढरी गाडी, फाइल, कॅमेरा. ज्या घरातल्या माणसानं औषध घेतलं, त्या घरापुढे गाडी थांबायची. आतली माणसं विचारायची, लिहायची, मोजायची आणि नागपूरच्या दिशेनं निघून जायची. त्यामुळे हातात टेप घेतलेलं माणूस दिसलं की गावात एक तर सगळे गप्प व्हायचे, नाहीतर सातबारा घेऊन धावत यायचे.

अशाच एका गावात बंद जिनाच्या आवारात आम्ही मोजत होतो. एक म्हातारबुवा सायकल हातात धरून बराच वेळ पाहत होते. शेवटी जवळ आले.

"कोनत्या समितीचे तुमी?"

"समिती नाही बुवा," सर म्हणाले. "आमी या इमारतीसाठी आलो. कधी बांधली, कशी बांधली, आता काय हालत आहे, ते लिहून घेऊन राहिलो."

"म्हंजे चौकशी."

"हो, चौकशीच समजा."

बुवांनी एकवार छपराकडे पाहिलं. पत्रे उडालेले, त्यांना पेलणाऱ्या तिकोनी कैच्या उघड्या पडलेल्या. मग आवाज अगदी खाली आणून, दुःखाच्या घरी विचारतात तसं त्यांनी विचारलं, "काहून? इनंबी काई करून घेतलं काय?"

 सरांनी टेप गुंडाळायला घेतली. 

*

आता नसीमच्या लग्नाचा किस्सा. हा तिनेच सांगितलेला, त्यामुळे त्यात तिखटमीठ असेल, तर ते तिचं.

नसीमला स्थळं पुष्कळ यायची आणि तशीच परत जायची. एका मुलाच्या आईनं तर सरळ सांगितलं, "पढ़ी-लिखी चाहिए, मगर इतनी नहीं!" नसीमचे अब्बा रजया-गाद्यांचे दुकानदार, माणूस मवाळ. ते म्हणायचे, "बेटा, पाहुण्यांसमोर त्या दारांच्या गोष्टी नको करत जाऊ." ही नेमक्या त्याच करायची.

एकदा हैदराबादचा मुलगा आला. कॉम्प्युटरवाला. मोठी माणसं बाहेर बसली आणि या दोघांना बोलायला आतल्या खोलीत पाठवलं. त्या खोलीला एक जुनं कोरीव दार होतं. घरचंच दार, पण झिरो धरायला कोणी नाही म्हणून नसीमचं मोजायचं राहून गेलेलं. आयता माणूस समोर पाहून तिच्यातली संशोधक जागी झाली!

"जरा ये पकड़िए. मैं 'सोड' बोलूँ तब तक छोड़ना नहीं."

बिचाऱ्यानं धरलं. तेवढ्यात अम्मीनं हाक मारली, नसीम स्वयंपाकघरात गेली, शीरखुर्मा वाढला, दोन मावश्यांच्या चौकशांना उत्तरं दिली. आणि परत आली तर मुलगा उंबऱ्याशी उकिडवा बसलेला, नव्या पँटीला चुना लागलेला, आणि टेपचं टोक बोटाखाली जिथल्या तिथे!

"फिर?" मी विचारलं.

"फिर क्या! अपुन ने वहीं के वहीं हाँ बोल दिया."

लग्नात सरांनी तिला आहेर दिला तो टेपचा. स्टीलची, नवी कोरी! हैदराबादची मंडळी त्या डबीकडे बराच वेळ पाहत होती, सोन्याचं काही असेल म्हणून. बिदाईच्या वेळी मी गाडीच्या काचेतून नसीमचा हात धरला होता. गाडी सुरू झाली, तरी माझा हात काही निघेना. नसीम रडता रडता हसली आणि म्हणाली, "सोड!"

*

नसीम गेली आणि माझी पंचाईत झाली. कॉलेजातल्या मुलांना परीक्षा, सरांचे गुडघे दुखायला लागलेले. सर महिन्यातून एखाद्या वेळी यायचे, एरवी मी एकटीच. एकट्या बाईनं टेप धरून मोजायचं म्हणजे झिरोच्या टोकाला काहीतरी पाहिजे. मी विटा वापरून पाहिल्या, खिळे वापरले, चिकटपट्टी वापरली. वीट घसरते, खिळा चुन्यातून निघतो आणि चिकटपट्टी वऱ्हाडच्या उन्हात पाघळते.

एका जिनात तर मी टोकावर दगड ठेवून पलीकडे गेले आणि सवयीनं ओरडले, "झिरो?" टेपला हिसका बसला. म्हटलं, कोणीतरी मदतीला आलं वाटतं! हौसेनं वळून पाहते तर दगड बाजूला आणि एक बकरी माझी टेप चघळत उभी. कापडी टेप, तिला चविष्ट लागली असणार. तेव्हापासून माझ्या टेपचा पहिला वीतभर भाग नव्हताच. मी एक फुटापासून सुरू करायची आणि घरी येऊन फूट वजा करायची. एक खरं, त्या महिन्यात टेपचं दुसरं टोक आपणहून धरलं ते त्या बकरीनंच.

हसायला ठीक आहे, पण तेव्हा मला फार एकटं वाटायचं. गावी फोन केला तर भाऊ म्हणायचा, "इथं कपाशी उभी वाळून राहिली, अन् तू पडक्या भिंती मोजून राहिली!" त्याचं चूक होतं असंही मला म्हणता येत नव्हतं. घरमालकीण काकू रोज संध्याकाळी विचारायच्या, "आज कोणी आलतं का वं तुह्याकडे?" कोणी आलेलं नसायचं. एका रविवारी मी कडीला टेप अडकवून स्वतःची खोलीच मोजून काढली. ड्रॉइंग छान झालं. पलंग, टेबल, एक खुर्ची. दुसरी खुर्ची काढावी असं फार वाटलं, पण नसलेली वस्तू काढायची नाही हाही सरांचाच नियम.

त्याच संध्याकाळी हैदराबादला फोन लावला. तिकडून उचलला गेला तशी मी ओरडले, "झिरो?"

उचलला होता नसीमच्या सासूबाईंनी. त्या म्हणाल्या, "यहाँ कोई ज़ीरो नहीं रहता!" आणि फोन ठेवून दिला.

*

आता वाकड्या भिंतीचं प्रकरण.

अकोल्याला एक मोठं जिन होतं. त्याचा प्रेस हॉल, म्हणजे गाठी दाबायची जागा, माझ्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण. इतका मोठा हॉल आणि मध्ये एकही खांब नाही! सर त्यावर इतके खूश की गुडघ्यांना तेल लावून स्वतः आले. त्या दिवशी त्यांनी कागदही माझ्या हातून घेतला. मी नुसता त्यांच्या टेपचा झिरो धरला. सर वाचत गेले आणि स्वतःच लिहीत गेले.

अमरावतीला येऊन मी ड्रॉइंग काढायला बसले तर चारही भिंती जुळेनात. मी तीनदा काढलं. शेवटी सरांना दाखवलं तर ते उठूनच उभे राहिले.

"इंगोले, भिंत वाकडी आहे! मले तिथंच दिसली होती. मधात पोट आलं तिले."

"सर, पण मला तर सरळ दिसली."

"तुले काय दिसते! तुह्या डोळ्याले अजून सवय नाई."

अकोल्याला परत जाऊन ओळंबा लावला तर भिंत सरळच. सर म्हणाले ओळंब्याची दोरी जुनी आहे. मग सरांनी त्यावर सिद्धांत बांधला. कापसाच्या गाठींचा दाब, मशीनचा हादरा, काळ्या मातीचं उन्हाळ्यात फाटणं. सिद्धांत इतका सुंदर की सरांनी तो सेमिनारमध्ये वाचला. टाळ्या पडल्या! एका प्राध्यापकांनी तर सांगितलं की त्यांच्या गावचं जिनही तसंच वाकडं आहे.

पुढे एकदा सर कॉलेजच्या जिन्यावर पाय चुकून पडले, म्हणून मी त्यांना डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. सरांच्या घरच्या मॅडम वारल्यापासून त्यांना कुठे नेणारं असं कोणी नव्हतं, मुलगा बंगलोरला. डॉक्टरांनी त्यांच्यापुढे एक कागद धरला. त्यावर आडव्या-उभ्या रेघांची साधी जाळी छापलेली.

"काका, काय दिसतं सांगा."

सरांनी कागद एकदा पाहिला, दोनदा पाहिला आणि तापले. "डॉक्टर, हे कोनं काढलं? माह्या पहिल्या वर्षाच्या पोरानं अशा वाकड्या रेघा मारल्या असत्या तं मी कागद फाडला असता!"

 मी जाळी पाहत होते. रेघा सगळ्या सरळ होत्या.

डोळ्याच्या पडद्याचा आजार निघाला. त्यात सरळ रेघ वाकडी दिसते, आकडे एकमेकांत मिसळतात, आणि गेलेलं परत येत नाही.  परत येताना राजकमल चौकाच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा सर म्हणाले, "भिंत सरळ निघाली, हे चांगलं झालं वं इंगोले. बिचारीवर उगाच आळ आला होता."

*

आणि हा शेवटचा.

अकोल्याचं ते जिन विकलं गेलं. तिथे लेआउट पडणार, प्लॉट निघणार, असं समजलं. सरांनी वाचलेले सगळे आकडे बाद झाले होते. मी बरेचसे पुन्हा घेतले, दारं, खिडक्या, कैच्या. पण हॉलची पूर्ण लांबी राहिली होती. तेवढी लांब टेप ताणली की ना वीट टिकते ना खिळा. तिथे माणूसच लागतं. आणि लांबीशिवाय त्या हॉलचं ड्रॉइंग म्हणजे नाव नसलेली लग्नपत्रिका. माझं मुख्य प्रकरण त्या एका आकड्यावर अडलं होतं.

जेसीबी येणार त्या सकाळी, सरांना फोनवर तेवढं कळवून, मी अकोल्याला पोचले. कोणीतरी धरील, या आशेवर. कामावरची माणसं पत्रे उतरवण्यात गुंतलेली. जेसीबीवाला भला होता. म्हणाला, "मॅडम, माहा चहा होईस्तोवर घ्या मोजून. मंग मी कोनाचं आयकनार नाई."

मी हॉलच्या मधोमध नवी टेप घेऊन उभी. तेवढ्यात फाटकाशी एक गाडी थांबली आणि आतून गावंडे सर उतरले! मागून त्यांचा मुलगा, हातातल्या घड्याळाकडे बघत. तो वडिलांना कायमचं बंगलोरला न्यायला आला होता. घर आवरलं होतं, सामान डिकीत होतं, नागपूरऐवजी अकोल्याहून रेल्वे पकडू असा हट्ट सरांनी धरला होता. का, ते मुलाला आता कळत होतं.

"बाबा, पाचच मिनिटं हां."

मी हाक मारली तशी सर आवाजाच्या रोखानं चालत आले, डोळे एव्हाना बरेचसे गेले होते. एक हात पुढे केला. "आन. झिरो दे मले."

"सर, तुम्ही?"

"मंग? वाचाले डोळे लागतात. धराले काय लागते!"

मी टोक त्यांच्या हातात दिलं आणि त्यांना दूरच्या भिंतीपाशी नेऊन सोडलं. जन्मभर वाचणारा माणूस हातानं भिंत चाचपत चाचपत कोपरा शोधत होता. मी टेप सोडत सोडत दुसऱ्या टोकाला आले. पत्रे उतरवल्यामुळे वरून ऊन सरळ खाली येत होतं आणि सर पलीकडे अगदी लहान दिसत होते.

"झिरो?" मी ओरडले.

"थांब! कोपरा गावू दे."

जेसीबीवाल्यानं कप खाली ठेवला.

"झिरो!" सर ओरडले. असा खणखणीत आवाज मी त्यांचा वर्गातही ऐकला नव्हता.

मी टेप ताणली. तिकडून टोक तसूभरही हललं नाही. मी आकडा वाचला, पुन्हा एकदा वाचला, लिहून घेतला आणि त्याखाली रेघ मारली.

फाटकावर मुलानं हॉर्न वाजवला. जेसीबीवाला उठून उभा राहिला, "झालं काय मॅडम?"

सर भिंतीकडे तोंड करून, दोन्ही अंगठे कोपऱ्यावर दाबून उभे होते. हॉर्न पुन्हा वाजला.

"इंगोले! सोडू काय वं?"

"थांबा सर!" मी ओरडले. "अजून वाचून राहिली मी!"